इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर 13 हजार किमी, मग 31 तास कसले?

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना ताईकडे पाठवायचंय. ताई फ्रीमाँटला असते, म्हणजे उतरायचं सॅन फ्रान्सिस्कोला. बाबा 76, आई 71. दोघांची ही पहिलीच परदेशवारी.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले, पण हिशेबाची वही काही निवृत्त झाली नाही. परवा मी तिकिटं बघत होतो तर विचारलं, "अंतर किती?" सांगितलं, सरळ रेषेत सुमारे 13,040 किमी. "विमानाचा वेग?" साधारण 900. त्यांनी वहीत भागाकार केला: साडेचौदा तास. मग तिकिटावरचे 31 तास बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "सरवटे बसस्थानकावर उतरलेल्या नवख्या माणसाला रिक्षावाला राजवाड्याला न्यायचं तर पाटणीपुऱ्यावरून फिरवून नेतो. तसलाच प्रकार आहे हा. मी नाही जात."

आता पर्याय असे आहेत. इंदूर-मुंबई-दुबई-सॅन फ्रान्सिस्को, 31 तास, स्वस्त. इंदूर-दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को, साधारण 25 तास, माणशी वीसेक हजार जास्त. सिंगापूरमार्गेही एक दिसतंय. बाबांना पटेल असं उत्तर कोणी देईल का, की उरलेले तास जातात कुठे? आणि या वयाच्या लोकांना यातलं काय बरं पडेल?

टवाळ_तात्या
इंदूरकराचा धागा, त्यामुळे जिलबी पडणारच. पोहे कुठे आहेत? (हलकेच घ्या.)

पॅसिफिककाठी
गेली चौदा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ सनीव्हेलला आहे, दर दोन वर्षांनी इंदूरला फेरी असते. काकांचा भागाकार बरोबर आहे, फक्त भाज्य चुकलंय. तुमचे 31 तास असे मोडा: इंदूर-मुंबई सव्वा तास, मुंबई-दुबई सव्वातीन, दुबई-सॅन फ्रान्सिस्को सोळा. झाले साडेवीस. उरलेले साडेदहा तास विमान उडतच नाही, माणसं खुर्चीत बसून कॉफीचे भाव बघत असतात. ते अंतर नाही, वेटिंग आहे.

दिल्लीमार्गे उडण्याचे साडेसतरा तास, बसण्याचे सातेक. म्हणजे उडण्यात फरक तीन तासांचा, बसण्यातही तेवढाच.

शिवाय तिकिटावर लिहिलेली वेळ म्हणजे दार बंद होण्यापासून दार उघडेपर्यंतची. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर परत रांगणं, सगळं त्यात धरलेलं असतं.

भूगोलवाली
वडोदऱ्याहून लिहितेय, शाळेत भूगोल शिकवते. भिंतीवरचा नकाशा आधी काढून ठेवा. तो मर्केटर या नकाशाकाराचा, 1569 सालचा विचार. जहाजाला दिशा धरायला उत्तम, पण अंतराच्या बाबतीत साफ फसवा. त्यावर इंदूरहून सॅन फ्रान्सिस्कोला पट्टी लावली की माणूस म्हणतो, एकतर युरोपवरून जायचं नाहीतर जपानवरून.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या, नसेल तर टरबूज चालेल. दोऱ्याचं एक टोक इंदूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि दोरा ताणा. तो पूर्वेलाही जात नाही, पश्चिमेलाही नाही, सरळ वर चढतो. इंदूरहून निघताना दिशा जवळजवळ उत्तर, जेमतेम 16 अंश पूर्वेला कललेली. मग तिबेट, चीनचा शिनजियांग प्रांत, सैबेरिया. रशियाच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात 75 अंश अक्षांशापर्यंत चढायचं आणि तिथून अलास्कामार्गे खाली उतरायचं.

आता गंमत बघा. मी रात्री बसून गणित केलं (मुलांच्या वह्या तपासायचा कंटाळा आला होता). इंदूर-दिल्ली सुमारे 660 किमी, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे 12,380. बेरीज 13,040. म्हणजे दिल्लीमार्गे जाण्यात वाकडी वाट अशी नाहीच, दिल्ली त्या दोऱ्याला जवळजवळ चिकटूनच आहे.

दुबईचं मात्र ऐका. इंदूर-मुंबई 505, मुंबई-दुबई 1,930. आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को किती? पुन्हा 13 हजारच! तुमचे आई-बाबा अडीच हजार किमी उडून, दोन विमानांत बसून दुबईत उतरतील तेव्हा ताईच्या एक पाऊलही जवळ आलेले नसतील. सिंगापूर तर बोलायलाच नको, सगळं मिळून 18 हजार.

सुदामानगरकर
भूगोलवाली मॅडम, दंडवत घ्या. बाबांना वाचून दाखवलं. दुबईवाला भाग तीनदा वाचायला लावला. सध्या शेजारच्या नातवाकडून गोल मागवलाय.

जीरावण
भिया, म्हणजे काकांचं रिक्षाचं निदान खरं निघालं ना! फक्त रिक्षा दुबईची निघाली.

शंकासूर
एक मूलभूत शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमानाने नुसतं वर जाऊन एका जागी तरंगत राहायचं. तेरा तासांत अमेरिका आपोआप खाली येईल. इंधन वाचेल. यावर कोणी का बोलत नाही?

टवाळ_तात्या
बोलतात. आठवीत.

शंकासूर
तात्या, टिंगल सोपी असते, उत्तर द्या. आणि पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो हे तरी खरं ना? मग ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच.

रडारबाबा
शंकासुरांची शंका दिसते तितकी खुळी नाही, अर्धी बरोबर आहे. हवाई वाहतूक नियंत्रणात तीस वर्षं काढली, म्हणून थोडं लिहितो.

हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते. आगगाडीत तुम्ही उडी मारलीत तर मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच. त्यामुळे तरंगत राहिलात तर इंदूरवरच तरंगाल. पण ही हवा अगदी पृथ्वीच्याच चालीने फिरत नाही. विषुववृत्ताकडून गरम हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. मग 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदी वाहू लागते. तीच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ताशी दोनशे किमी हे तिच्या दृष्टीने नेहमीचंच. विमानही याच उंचीवर उडतं.

काकांच्या वहीसाठी: विमानाचा 900 हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. समोरून ताशी 100 चा वारा असला तर जमिनीवरचा वेग 800. 13 हजार भागिले 800, सव्वासोळा तास. तोच वारा पाठीशी आला की 1,000, म्हणजे तेरा तास. विमान तेच, अंतर तेच, फरक सव्वातीन तासांचा. मुंबई-लंडनला जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो तो याचमुळे.

या वाऱ्यांची पद्धतशीर नोंद प्रथम वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात केली. फुगे सोडून मोजायचा. अहवाल जगभर वाचला जावा म्हणून त्याने तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि जगाने तो वाचलाच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना हेच वारे आडवे आले, तेव्हा सगळ्यांना कळलं.

शंकासूर
अर्धी बरोबर म्हणालात, तेवढं पुरे आहे. घरी दाखवतो.

रडारबाबा
आता मुख्य मुद्दा. भूगोलवालींचा दोरा गणिताने बरोबर आहे, पण त्यावरून सहसा कोणी उडत नाही.

तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यायचं असतं, कारण वरून लोंबणारे ऑक्सिजनचे मुखवटे बहुतेक विमानांत पाव तास, फार तर वीस-बावीस मिनिटं पुरतात. तिबेटवर दहा हजार फूट म्हणजे जमिनीच्या आत. म्हणून विमानं पठाराला वळसा घालतात.

पुढे राजकारण. 2019 मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै आकाश बंद ठेवलं होतं, एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना परत बंद केलं. रशियाचं आकाश 2022 पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद. हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांचा प्रवास त्यामुळे तेरा तासांवर गेला, विमान उत्तर ध्रुवावरून जायला लागलं.

आणि हे सगळं जमलं तरी कधी कधी लांबची वाट लवकर पोचवते. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान ऑक्टोबर 2016 पासून अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर 13,900 वरून 15,300 किमी झालं. वेळ मात्र घटून साडेचौदा तासांच्या आसपास आला, कारण वारा पाठीवर. परत येताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन येऊन आख्खी पृथ्वीप्रदक्षिणा.

मीनल_मावशी
प्रदक्षिणा म्हटल्यावर मी आले. माझ्या सासूबाई हेच सांगायच्या सगळ्यांना, "मी पृथ्वीला एक प्रदक्षिणा घातली, आता चारधाम नाही झाले तरी चालेल."

पॅसिफिककाठी
आकांक्षा सोनावरे हे नाव आठवतंय का कोणाला? जानेवारी 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून आलेल्या विमानात सगळ्या वैमानिक बायकाच होत्या. कॅप्टन झोया अगरवाल मुख्य, आणि चौघींत एक आपली सोनावरे. सुमारे 14 हजार किमी, सतरा तास. आमच्या इथल्या मंडळात तेव्हा पेढे वाटले होते, ओळख ना पाळख.

मांडवीकर
वडोदऱ्याहूनच. इंदूरकरांना वाकड्या वाटेचं इतकं दुःख का बरं? तुमची अवंतिका एक्सप्रेस रोज रात्री मुंबईला जाताना उज्जैन, रतलाम करत आमच्या घरावरून जाते. विमानाच्या रेषेत 505 किमी, रुळांवरून 829. आमच्या स्टेशनात डब्यातून उतरून चहा पिताना कधी तक्रार नाही केली कोणी.

जीरावण
तक्रार केली ना, म्हणूनच तर इंदूर-मनमाड रेल्वे मंजूर झाली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने होकार दिला, 309 किमी. ती झाली की तुमच्या स्टेशनावरचा चहा बंद. आणि ती शेव-उसळ पण तुम्हीच खा.

मांडवीकर
शेव-उसळीला नाव ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही. तर्रीचा तिखटपणा बघता तुम्हाला पोह्यांवरच्या जीरावण मसाल्याची चिमूटच झेपेल.

टवाळ_तात्या
विमान रुळावरून घसरलं.

लष्करची_पोर
ग्वाल्हेरहून. मूळ प्रश्नाकडे येते, कारण आमची चांगलीच फजिती झालीय. दोन वर्षांपूर्वी माझ्या काका-काकूंना बोस्टनला पाठवलं. स्वस्तात पडावं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, ग्वाल्हेर-दिल्ली एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्याच. मध्ये साडेतीन तास, भरपूर वाटले. जानेवारीचा महिना. दिल्लीत धुकं, पहिलं विमान चार तास उशिरा. दुसऱ्या कंपनीने सरळ सांगितलं, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट गेलं. काकू विमानतळावर बॅगेवर बसून रडत होत्या आणि मी इकडे फोनवर. नवं तिकीट काढावं लागलं, आधी वाचवलेल्याच्या चौपट.

तर सुदामानगरकर, अंतर-वारा काय असेल ते असो, सगळं एकाच पीएनआरवर घ्या. मग उशीर झाला तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची. बॅगाही इंदूरला टाकल्या की शेवटालाच घ्यायच्या, हे काउंटरवर विचारून बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचा कोड वाचून घ्या. आम्ही आता दिल्लीला आदल्या दिवशी गाडीने जातो, तीनशेच्या वर किलोमीटर काय ते. तुम्हाला ते परवडणार नाही.

सुदामानगरकर
बाप रे. एकाच पीएनआरवरच घेतो. थांबा किती असावा म्हणजे पुरेल?

लष्करची_पोर
वयस्कर माणसं, देशांतर्गत उतरून आंतरराष्ट्रीयला जायचं, इमिग्रेशनची रांग. चार तासांच्या खाली नको. सात तास ऐकायला जास्त वाटतात, पण मला विचाराल तर सातच घ्या.

पॅसिफिककाठी
+1. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, काका नाही म्हणाले तरी. चालता येत नाही म्हणून नव्हे. ढकलणारा माणूस रस्ता जाणतो, रांगेत पुढे नेतो आणि त्याला इंग्रजी बोलावं लागतं, तुम्हाला नाही. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा फार अपमान मानला, परतीच्या वेळी स्वतःहून विचारलं, "माझी गाडी कुठेय?"

आणखी एक. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन, आणि पुढे दुसरं विमान असलं तरी बॅगा उचलून परत टाकायच्या. थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानात ही भानगड एकदाच. अबू धाबीहून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, इकडे मग देशांतर्गत विमानासारखं बाहेर पडायचं. गर्दीच्या दिवशी तिथे मात्र घाम फुटतो.

मीनल_मावशी
मला एक विचारायचं आहे, हसू नका. विमानात संकष्टी आली तर चंद्रोदय कुठला धरायचा? निघालो तिथला, पोचणार तिथला, की खिडकीतला?

टवाळ_तात्या
खिडकीची सीट ज्याची, त्याचा.

मीनल_मावशी
मी विचारते ते खरंच झालेलं आहे हो. येताना माझी संकष्टी होती. खिडकीतून चंद्र दिसत होता तो दिसतच राहिला, मावळायचं नाव नाही. शेवटी हात जोडले, एअर होस्टेसने दिलेला राजमा-भात खाल्ला आणि गणपतीला म्हटलं तूच बघ. कांदा-लसूण नको असेल तर जैन जेवण आधी नोंदवा, हिंदू जेवण म्हणून काय येईल सांगता येत नाही.

भूगोलवाली
मावशी, पंचांगवाले सूर्योदय-चंद्रोदय स्थळाप्रमाणे काढतात, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. आणि तुम्ही माळव्यातलीच माणसं, देशांतराचं मूळ तुमच्या दाराशी आहे. ग्रिनिचच्या कितीतरी आधी आपल्या ज्योतिषात मध्यरेखा धरत ती उज्जैनवरून जाणारी. कुठल्याही गावाची वेळ उज्जैनपासून पूर्व-पश्चिम किती, यावरून दुरुस्त करायची, तोच देशांतर संस्कार. सवाई जयसिंगाने तिथे वेधशाळा बांधली ती उगाच नाही.

आजचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं, म्हणून इंदूरच्या डोक्यावर सूर्य येतो तो सरासरी सत्तावीसेक मिनिटं उशिरा. इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को रेखांशातलं अंतर 198 अंश, एका तासाला 15 अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सव्वातेरा तास. सरकारी घड्याळाने उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा.

सुदामानगरकर
इथे बाबा अडकलेत. दिल्लीचं विमान पहाटे 4 वाजता सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचतं असं तिकिटावर दिसतंय. बाबा म्हणतात, "सोळा तासांचा प्रवास साडेतीन तासांत? मग ते 31 तास कुठले होते?" परतीच्या तिकिटावर सोमवारी रात्री 9 ला निघून बुधवारी रात्री दीडला पोच. "मंगळवार कोणी खाल्ला?"

रडारबाबा
काकांना सांगा, इंदूरचं घड्याळ हातात तसंच ठेवायचं. पहाटे 4 अधिक 16, रात्रीचे 8. त्यातून साडेबारा वजा, सकाळचे साडेसात. येताना सोमवार रात्री 9 म्हणजे आपल्याकडे मंगळवार सकाळचे साडेनऊ. अधिक 16, रात्री दीड, बुधवार. जाताना घेतलेले साडेबारा तास येताना परत करावे लागतात, व्याज नाही.

जुना_इंदूरकर
माझं वय 81, उशिरा वाचला धागा. अवांतर आहे, पण इंदूर आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा हे नातं विमानाच्या आधीचं आहे. सर तुकोजीराव होळकर तिसरे यांनी 1928 मध्ये बडवाह इथे नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केलं, त्या सिएटलच्या. धर्म बदलून शर्मिष्ठादेवी झाल्या. आमची आजी नऊवारी नेसलेल्या गोऱ्या राणीच्या गोष्टी सांगायची. त्या काळी सिएटलहून माळव्यात यायचं तर रेल्वे, मग बोट, मग परत बोट, मग रेल्वे. महिना सहज. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबई-लंडन निघालं ते 8 जून 1948 ला, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत. इंदूरहून परदेशी थेट विमान मिळायला जुलै 2019 उजाडलं, आणि ते कुठे? दुबईला!

31 तासांना रडणाऱ्यांसाठी हे लिहिलं नाही. मी स्वतः सहा तासांच्या वर बसू शकत नाही, गुडघे.

नर्सबाई_रतलाम
गुडघ्यांवरून आठवलं. चार तासांच्या वर एका जागी बसलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, वयाबरोबर आणखी. दर तास-दीड तासाने उठून मागच्या स्वच्छतागृहापर्यंत चालायचं, बसल्या बसल्या टाचा वरखाली. आतली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहायचं. बायका पाणी पीत नाहीत, कारण उठावं लागतं. पण उठायचंच तर आहे! आईला येण्याजाण्याच्या वाटेकडची सीट घ्या, मधली किंवा खिडकीची नको, मग संकष्टी असली तरी.

बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. वेळ पोचल्या गावच्या घड्याळाने बदलायची की मधल्या तासांनी, ते तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन असेल तर नक्कीच.

या दृष्टीने मला एक थांबा असलेलं, पण लांब थांब्याचं विमान बरं वाटतं. दोन थांबे म्हणजे दोनदा चढ-उतार, दोनदा सुरक्षा तपासणी, दोनदा चपला काढा.

पॅसिफिककाठी
खाण्याचं कोणी बोललंच नाही. मेतकूट, भाजणी, जीरावण, चटणीपूड हातातल्या पिशवीत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात साडेतीनशे मिलिलिटरच्या वर पूड असली की वेगळी तपासणी होते. सामानात टाका. फळं, बियाणं, कढीपत्ता अजिबात नको, आणि फॉर्मवर किंवा विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं सांगायचं. शेव, लाडू, चकल्या सुखाने जातात.

मांडवीकर
आणि सुक्या खोबऱ्याची वाटी सामानात टाकू नका. 2022 पासून चेक-इन बॅगेत बंदी आहे, तेलामुळे पेट घेऊ शकते म्हणून. आमच्या आत्याची बॅग उघडायला लावली होती.

शंकासूर
खोबरं स्फोटक आणि मिरचीचा ठेचा चालतो. यावर मात्र मी वेगळा धागा काढतो.

सुदामानगरकर
मंडळी, उशिरा कळवतोय. दिल्लीमार्गे काढलं, एकाच पीएनआरवर, सात तासांचा थांबा, दोन्ही सीट वाटेकडच्या. बाबांनी दोरा लावून स्वतः मोजलं. दिल्ली "वाटेवरच" निघाली म्हणून वीस हजार जास्त द्यायला एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. दुबईवर अजून राग आहे.

आता वहीत नवं पान आहे. वर लिहिलंय "वारा", खाली दोन रकाने, जाताना आणि येताना. समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग दिसतो असं ताईने सांगितल्यापासून, दर अर्ध्या तासाने नोंद करणार म्हणतात. नर्सबाई, त्या निमित्ताने आई तरी उठेल, कारण पेन्सिल तिच्या पिशवीत असणार आहे.

टवाळ_तात्या
टोकयंत्र सामानात टाकायचं हं. पातं असतं त्यात.